संध्याकाळी सहा ते नऊ

प्रश्न : मी सांगलीची, वय ५७. गेल्या वर्षी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. युरोप पाहण्याची इच्छा लग्नाआधीपासूनची आहे. यजमानांचे गुडघे दुखतात आणि त्यांना प्रवासाची मुळातच हौस नाही. ‘तुला जायचे आहे ना, मग तू जा,’ असे ते मनापासून म्हणतात. पुण्यातला मुलगा मात्र ‘एकटीने नको, सहल कंपनीबरोबर जा,’ म्हणून हटून बसला आहे. पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, झुरिच, रोम, व्हिएन्ना, प्राग आणि बुडापेस्ट असा १५ दिवसांचा आराखडा मी केला आहे. मी शाकाहारी आहे, इंग्रजी कामापुरते येते. चोऱ्यांची, भाषेची आणि जेवणाची भीती वाटते. एकटीने जावे का? आणि हसू नका, पण माझे फोटो कोण काढणार? — एक वाचक, सांगली

सप्रेम नमस्कार.

जावे. तुमच्या पत्रात परवानगी मागितल्यासारखा सूर आहे, म्हणून हे आधी लिहिले. यजमानांनी मनापासून होकार दिला आहे, पैसे तुमचे आहेत, प्रकृतीची तक्रार तुम्ही लिहिलेली नाही. मग आडवे येते आहे ते काय, एवढेच पाहायचे उरते. मला विचाराल तर आडवा येतो आहे तो तुमचा आराखडा.

तुम्ही हिशेबात मुरलेल्या आहात, तेव्हा हा हिशेब करून पाहा. १५ दिवसांत आठ शहरे म्हणजे सात वेळा मुक्काम हलवणे. प्रत्येक वेळी सकाळी सामान आवरायचे, अकराच्या सुमारास खोली सोडायची, स्टेशन गाठायचे, गाडीत तीन-चार तास काढायचे आणि नव्या गावात पोचल्यावर खोली दोन-तीन वाजेपर्यंत मिळत नाही म्हणून बॅग कुठेतरी ठेवून ताटकळायचे. असे सात दिवस गेले की हातात उरतात आठ, आणि तेही दमलेले. सहल कंपनीबरोबर हे जमते, कारण बस दारात उभी असते, बॅगा दुसरा कोणीतरी चढवतो आणि रात्रीचे जेवण ठरलेले असते; तुमचे काम फक्त वेळेवर खाली येण्याचे. तेव्हा हीच आठ शहरे पाहायची असतील, तर चिरंजीवांचे म्हणणे बरोबर आहे आणि त्यांचे ऐकावे. एकटीने जायचे असेल, तर तीन शहरे घ्या.

कोणती तीन, हे तुमच्याच यादीत शेवटी आहे : प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. ही तिन्ही एका रेल्वेमार्गावर जवळजवळ ओळीने आहेत. प्रागहून व्हिएन्ना साधारण चार तास, व्हिएन्नाहून बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. हाच क्रम उलटसुलट केला आणि प्रागहून थेट बुडापेस्टला निघालात, तर सुमारे सात तास गाडीत बसावे लागते. म्हणून विमानाने प्रागला उतरावे आणि परतीचे विमान बुडापेस्टहून घ्यावे. जाण्या-येण्याची शहरे वेगळी असली तरी एकाच तिकिटावर असे आरक्षण करता येते. प्रागला चार रात्री, व्हिएन्नाला सहा, बुडापेस्टला चार. पॅरिस आणि रोम कुठे जात नाहीत. ती पुढच्या खेपेला.

व्हिसाचे थोडक्यात सांगते. तिन्ही देश शेंगेन क्षेत्रातले असल्याने एकच व्हिसा पुरतो. तुम्ही पहिले पाऊल चेक प्रजासत्ताकात ठेवणार असलात तरी सर्वाधिक मुक्काम व्हिएन्नाला आहे, त्यामुळे अर्ज ऑस्ट्रियाकडे करायचा, चेककडे नव्हे. ही चूक पुष्कळांकडून होते. शुल्क ९० युरो आहे, त्यावर अर्जकेंद्राचे सेवाशुल्क वेगळे. किमान ३० हजार युरोंच्या संरक्षणाचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि शेवटची मुदत १५ दिवसांची असली तरी त्या मुदतीवर विसंबू नये. मे महिन्यात निघायचे असेल तर फेब्रुवारीतच कागद द्यावेत. प्रौढ स्त्रीच्या अर्जाला पतीचे संमतीपत्र जोडण्याची अट नाही. तुमची बँकेची खातेपत्रके आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे पुरेशी बोलतात. एक मात्र तपासा. आपल्याकडे लग्नानंतर पासपोर्टावर एक नाव, पॅनवर दुसरे आणि बँकेत तिसरे असा प्रकार सर्रास असतो. विमानाचे तिकीट, विमा आणि खोलीचे आरक्षण या तिन्हींवर पासपोर्टातले नाव अक्षरशः जसेच्या तसे यायला हवे.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही चोऱ्या, भाषा आणि जेवण या तीन भीती लिहिल्या आहेत. एकटीने फिरणारीला जे खरोखर जड जाते, ते त्यात नाही. ते म्हणजे संध्याकाळी सहा ते नऊ हे तीन तास.

माझा पहिला एकटीचा प्रवास व्हिएन्नाचा. मी तेव्हा ५२ वर्षांची होते. दिवसभर आपण एकटे आहोत हे जाणवतच नाही, कारण नकाशा, तिकिटे, रस्त्यांची नावे आणि समोरची शंभर नवी दृश्ये यांतून डोके मोकळे होत नाही. पहिल्या दिवशी दुपारी मी तिथल्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात ब्रॉयगेलच्या चित्रांपुढे उभी होते. या चित्रकाराच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह तिथे आहे. बर्फातून परतणाऱ्या शिकाऱ्यांचे १५६५ सालचे चित्र मी कॅलेंडरवर कितीदा पाहिले होते. पण खाली दूरवर गोठलेल्या तळ्यावर मुंगीएवढी माणसे घसरत खेळताहेत, हे मूळ चित्रातच नीट दिसले आणि मी शेजारी कोपर मारून ‘अगं, ते बघ,’ असे चक्क मोठ्याने म्हणाले. शेजारी कोणी नव्हते. रखवालदाराने एकदा पाहिले आणि सौजन्याने मान वळवली.

सहाला संग्रहालय बंद झाले आणि मग ते जाणवले. उपाहारगृहे भरू लागतात, टेबलांवर दोघेदोघे, चौघेचौघे बसलेले असतात, वाढपी ‘किती जण?’ विचारतो आणि आपला ‘एक’ उगाचच हलक्या आवाजात निघतो. मी त्या संध्याकाळी दारातूनच परत फिरले, खोलीत येऊन पिशवीतला चिवडा खाल्ला आणि न कळणाऱ्या भाषेतल्या हवामानाच्या बातम्या पाहत बसले. आपण इतक्या लांब का आलो, हा प्रश्न मला विमानतळावर पडला नव्हता, परक्या स्टेशनावर पडला नव्हता. तो त्या पलंगावर पडला.

दुसऱ्या दिवशी मात्र मी चारलाच एका जुन्या कॉफीगृहात जाऊन बसले. लहानशा चकचकीत तबकात कॉफीचा पेला, शेजारी पाण्याचा ग्लास आणि त्या ग्लासाच्या तोंडावर पालथा आडवा ठेवलेला चमचा, अशी ती कॉफी येते. मी आपल्या सवयीने दहा मिनिटांत संपवून पैसे काढले, कारण आपल्याकडे कप रिकामा झाला की टेबल सोडायचे असते. काळ्या कोटातल्या वयस्क वाढप्याने पैशांकडे पाहिलेही नाही. त्याने पाण्याचा दुसरा ग्लास आणून ठेवला आणि लाकडी दांडीला लावलेल्या वर्तमानपत्रांकडे हात करून निघून गेला. आजूबाजूला पाहिले तर निम्म्या टेबलांवर एकेकटीच माणसे होती. ऑस्ट्रियाने या कॉफीगृहांच्या संस्कृतीची नोंद २०११ साली आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत केली आहे, हे मला नंतर कळले. त्या दिवशी एवढेच कळले की या शहरात एकट्या माणसाला बसण्याची जागा फार पूर्वीपासून राखून ठेवलेली आहे. मी तिथे अडीच तास बसले.

तेव्हापासून मी दिवसाची घडीच उलटी घालते आणि तुम्हीही तशी घालावी असे मला वाटते. मोठे जेवण दुपारी करावे. तिन्ही शहरांत कामाच्या दिवशी दुपारी ठरावीक पदार्थांचे स्वस्त ताट मिळते, कार्यालयांतली माणसे एकेकटी येऊन जेवत असतात आणि कोणी वळून पाहत नाही. संध्याकाळी हलके खावे आणि ते तीन तास कशाला तरी आधीच बांधून टाकावेत. व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरागृहात उभ्याने पाहण्याची तिकिटे असतात, ती बसण्याच्या तिकिटांच्या मानाने फारच स्वस्त पडतात. तिथे रेलिंगला रुमाल किंवा ओढणी बांधून आपली जागा धरण्याची रीत आहे. आपल्या एस. टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना ती शिकवावी लागत नाही. पाय दुखले तर मध्यंतरात निघून आलात तरी चालते. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद असतो, त्यामुळे मे किंवा सप्टेंबर साधा. या महिन्यांत उजेडही साथ देतो. मेअखेरीस साडेआठनंतरही अंधार पडलेला नसतो. डिसेंबरातली रोषणाई सुंदर असते खरी, पण चार वाजता सूर्य मावळतो आणि एकटीची संध्याकाळ पाच तासांची होते. पहिल्या खेपेला ते नको.

बुडापेस्टला संध्याकाळची सोय शहरानेच करून ठेवली आहे. सेचेन्यी हे १९१३ साली उघडलेले गरम झऱ्यांचे स्नानगृह पिवळ्या राजवाड्यासारखे आहे आणि त्याच्या अंगणात उघड्या आकाशाखाली सुमारे ३८ अंशांच्या पाण्यात माणसे छातीपर्यंत बुडून बसलेली असतात. काही आजोबा पाण्यातच पट मांडून बुद्धिबळ खेळतात. पोहण्याचा पोशाख, टॉवेल आणि सपाता न्याव्यात. पोहण्याच्या तलावात उतरायचे असेल तर टोपी सक्तीची आहे. संकोच वाटेल, मलाही वाटला होता. तो पाण्यात उतरेपर्यंतच टिकतो, कारण तिथे सत्तरीच्या बायका ज्या सहजतेने वावरतात ते पाहिल्यावर आपल्याकडे कोण बघणार, असे होऊन जाते. पाण्याचा कंटाळा असेल तर डॅन्यूबच्या काठाने जाणाऱ्या २ क्रमांकाच्या ट्राममध्ये अंधार पडताना बसावे आणि शेवटापर्यंत जाऊन परत यावे. संसदभवन, साखळी पूल आणि पलीकडचा राजवाडा असे सगळे एका तिकिटाच्या पैशांत उजळत जाते.

घरी फोन मात्र संध्याकाळी करू नये. हे विचित्र वाटेल. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणजे तुमचे सहा वाजतात तेव्हा सांगलीत साडेनऊ, जेवणे आटोपलेली, सगळे निवांत. तो फोन सुरू होतो ‘काय खाल्लेस?’पासून आणि संपल्यावर खोली आधीपेक्षा रिकामी वाटते. सकाळी न्याहारीनंतर फोन करावा. घरी साडेअकरा झालेले असतात, बोलणे मोजके होते आणि पुढे दिवस वाट पाहत असतो. चिरंजीवांना ही वेळ आधीच सांगून ठेवली, तर तेही दिवसभर काळजी करत बसणार नाहीत.

चोऱ्यांबद्दल. या शहरांत अंगावर हात टाकून लुटण्यापेक्षा नकळत खिसा हलका करण्याचे प्रकार होतात, आणि तेही गर्दीत : सरकत्या जिन्यावर, मेट्रोच्या दारात, प्रागच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या २२ क्रमांकाच्या ट्राममध्ये. सोने घरी ठेवावे, मंगळसूत्रसुद्धा. साधी काळ्या मण्यांची पोत घालून गेलात तर कोणाचेच काही बिघडत नाही. पासपोर्ट आतल्या पट्ट्यात, दिवसाचे पैसे वेगळे, आणि बाहेर मांडलेल्या टेबलावर मोबाइल ठेवायचा नाही. प्रत्येक नव्या शहरात उजेड असताना पोचायचे, हा एक नियम मी कधी मोडत नाही, त्यासाठी गाडीचे जास्त पैसे पडले तरीही. कुठलीही अडचण आली तर तिन्ही देशांत ११२ हा एकच क्रमांक आहे, आणि तिन्ही राजधान्यांत आपला दूतावास आहे.

उघड चोरीपेक्षा कायदेशीर वाटणाऱ्या नुकसानीपासून जपावे, असे माझे मत आहे. प्रागमध्ये चेक कोरुना आणि बुडापेस्टमध्ये फोरिंट चालतो. ‘शून्य कमिशन’ अशी पाटी लावलेल्या काही दुकानांत भाव मात्र असा असतो की पाटीचा अर्थ पावती हातात आल्यावर कळतो. प्रागमधल्या अशाच एका दुकानात मी फसले होते. तेव्हा मला माहीत नसलेली गोष्ट तुम्ही लक्षात ठेवा : २०१९ पासून तिथल्या कायद्यानुसार एक हजार युरोंपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती जपावी आणि परत जाऊन तसे सांगावे. त्याहून बरे म्हणजे बँकेच्या यंत्रातूनच कार्डाने पैसे काढावेत, आणि यंत्राने ‘रुपयांत आकारू का?’ असे विचारले तर नाही म्हणावे. नेहमी तिथले चलन निवडावे. तुम्ही बँकेत होतात, कारण सांगायला नको.

तिकिटाचेही तसेच. व्हिएन्नाच्या मेट्रोला आपल्यासारखी उघडझाप करणारी फाटके नाहीत, त्यामुळे कोणी तपासतच नाही असे वाटते. तिकीट विकत घेणे पुरेसे नसते. ते खांबावरच्या पेटीत घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. मी एका शहरात (नाव सांगत नाही, चूक सर्वस्वी माझी होती) कोरे तिकीट हातात धरून ऐटीत बसले होते. तपासनिसाने ते उलटसुलट पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि दंडाची पावती फाडली. तिकीट होते, हे खरे होते; ते वापरलेले नव्हते, हेही खरे होते.

जेवणाची चिंता तुम्हाला वाटते तेवढी नाही, पण अगदी नाही असेही नाही. सूप भाज्यांचे असले तरी त्यात मांसाचे पाणी असू शकते, म्हणून विचारायचे. चेक भाषेत ‘मांसाशिवाय’ याला ‘बेझ मासा’ म्हणतात. मराठी कानाला ते माशाचे काहीतरी वाटते आणि मी पहिले दोन दिवस ती अक्षरे दिसली की पुढे सरकत होते, म्हणजे नेमके खाण्याजोगे तेवढे टाळत होते. प्रागला तळलेल्या चीजचे ‘स्माझेनी सीर’ बटाट्यांबरोबर मिळते. बुडापेस्टचा ‘लांगोश’ म्हणजे भटुऱ्याच्या कुळातला तळलेला पाव, वर लसूण, आंबट साय आणि किसलेले चीज. एक खाल्ला की संध्याकाळ निघते. शिवाय छोटे स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर मेतकूट-भाताला कोणी अडवणार नाही. मात्र सामानातून दुधाचे पदार्थ नेण्यास युरोपीय संघात मनाई आहे, त्यामुळे पेढे आणि साजूक तूप घरीच राहू द्या. हापूसची पेटीही. व्हिएन्नात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात आणि शनिवारी संध्याकाळी सहालाच आवरतात. दूध, पाव, टोमॅटो आदल्या दिवशी आणून ठेवले नाहीत, तर मोठ्या स्टेशनातले दुकान शोधत जावे लागते.

भाषेचा बाऊ करू नका. कामापुरते इंग्रजी पुरते. दुकानात शिरताना नमस्कार केला नाही तर तो उद्धटपणा समजतात, म्हणून तेवढे तीन शब्द पाठ करा : प्रागला ‘दोब्री देन’, व्हिएन्नाला ‘ग्र्यूस गॉट’, बुडापेस्टला ‘यो नापोत’. बुडापेस्टची माणसे स्वतःच्या शहराला ‘बुडापेश्त’ म्हणतात. तसे म्हटलेत तर तिकीट खिडकीवरचा चेहरा थोडा सैल होतो, हा माझा अनुभव आहे. आणि बॅग एकच, आपल्या हाताने जिना चढवता येईल एवढीच. प्रागच्या दगडी फरसबंदीवर माझ्या बॅगेचे चाक निखळले आणि उरलेले दोन चौक मी ती कडेवर घेतल्यासारखी नेली.

राहिले फोटो. हसले नाही. प्रागच्या चार्ल्स पुलावर सकाळी सहाला जा. १३५७ साली बांधायला घेतलेला तो पूल दहानंतर पंढरीच्या वाटेसारखा भरतो, पण सहाला तिथे फक्त काही हौशी छायाचित्रकार तिपाया लावून उजेडाची वाट पाहत असतात, आणि त्यांना विनंती केली की ते मनापासून काढून देतात. मी ही अक्कल येण्याआधी भर दुपारी गेले होते. एका आजोबांच्या हातात मोबाइल दिला, त्यांनी बराच वेळ डोळे बारीक करून नेम धरला, दोनदा मला डावीकडे सरकवले. त्या फोटोत संत नेपोमुकचा १६८३ सालचा पुतळा पायापासून डोक्यामागच्या ताऱ्यांपर्यंत पूर्ण आला आहे, कोपऱ्यात आजोबांचे बोट आहे, आणि माझी उजवी बाजू आहे. तो आमच्या दिवाणखान्यात लावलेला आहे.